शंभरचा पंच

भिंगकाकांना घरात एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. चहाचा कप हातात घेऊन ते या खोलीतून त्या खोलीत फिरतात, आणि तो कप कुठे रिकामा होईल ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. काकू दिवसातून दोनदा घरभर हिंडून कप गोळा करतात. कधी पुस्तकांच्या फळीवर, कधी खिडकीत, एकदा तर बुटांच्या कपाटात. वर्तमानपत्र उभ्यानं, जेवण अर्ध्या मांडीनं. फोनवर बोलायला लागले की इतके चालतात, की फोन ठेवल्यावर काकू विचारतात, "पोचलात का?"

पण कामाच्या टेबलावर जुनं टेलिफोटो भिंग आलं, की हाच माणूस खुंटा ठोकल्यासारखा स्थिर होतो. टेलिफोटो म्हणजे लांबचं जवळ आणणारं, हातभर लांबीचं, कुणाच्या डोक्यात घातलं तर पोलीस यावेत इतकं जड. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची अशी भिंगं लोक कपाटांतून, माळ्यांवरून, वारलेल्या सासऱ्यांच्या पेट्यांतून काढून काकांकडे आणतात. काका त्यांच्यातली बुरशी काढतात, चिकटलेली पाती सोडवतात, अडलेल्या कड्या फिरत्या करतात. वरच्या मजल्यावर तीन खोल्या; दोन घराच्या, तिसरी भिंगांची. तिसऱ्या खोलीत काकूंना केर काढायचीही बंदी आहे. त्याचं काकूंना आजवर एकदाही वाईट वाटलेलं नाही.

दुरुस्ती काय, आणखीही दोघं-चौघं करतात. भिंगकाकांचं नाव झालं ते त्यांच्या चिठ्ठीमुळे.

प्रत्येक भिंगावर एक आकडा कोरलेला असतो. भिंग किती मोठं उघडतं ते तो आकडा सांगतो. एकाच आकड्याची दोन भिंगं सारखाच उजेड आत घेणार असं आपल्याला वाटतं. काकांसमोर असं कुणी म्हणालं, की ते कळवळून म्हणायचे, "अहो, आकडा भोकाचा असतो, काचेचा नसतो!" कारण उजेड काचेतून जाताना वाटेत गळतो. प्रत्येक काचेवर थोडा मागे परततो, जुना मुलामा घासला गेला असेल तर आणखी परततो, आत धुकं धरलं असेल तर तिथंच रेंगाळतो, दोन काचा चिकटवणारा डिंक पिवळा पडला असेल तर तोही आपला वाटा कापून घेतो. त्यामुळे एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेली दोन भिंगं, दिसायला अगदी जुळे भाऊ. एक राबणारा आणि दुसरा नुसता जेवायला बसणारा. त्यातला राबणारा कोण हे काका मोजून सांगायचे.

मोजायची पद्धत, ज्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले त्या मास्तरांची. खोली काळोखी करायची. एका टोकाला दिवा, त्याच्यापुढे दुधी काच, मग भिंग, आणि भिंगाच्या मागे उजेड मोजणारा मीटर. आधी बैठकीवर चढायचा तो 'पंच'. पंच म्हणजे मास्तरांनी धंदा बंद करताना काकांच्या हातात ठेवलेलं एक टेलिफोटो. त्याच्यासारखं स्वच्छ भिंग आपण दुसरं पाहिलं नाही, असं मास्तर म्हणाले होते. पंच बसवला की दिवा पुढेमागे सरकवत मीटरचा काटा बरोबर शंभरावर आणायचा. मग पंच उतरवायचा, गिऱ्हाइकाचं भिंग चढवायचं, आणि काटा दाखवेल तो आकडा चिठ्ठीवर. नव्वद म्हणजे पंचाच्या शंभराला याचे नव्वद. खाली सही, तारीख. काम झालं की पंच पुन्हा काळ्या मखमलीच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. काकूंचे दागिने शेजारच्याच कपाटात आहेत, त्याला कुलूप नाही.

ही चिठ्ठी लोक जपून ठेवत. भिंग विकताना "भिंगकाकांची चिठ्ठी आहे" असं म्हणत. वहीत प्रत्येक चिठ्ठीची नोंद होती. अकरा वर्षांत एकशे सत्त्याऐंशी. काकांनी आयुष्यात दुसरं काही कमावलं असेल-नसेल, 'काकांचा आकडा' एवढं मात्र कमावलं होतं.

तो आकडा एका सोमवारी सकाळी नाटकवालीनं परत आणला.

नाटकवाली म्हणजे नाटकांचे फोटो काढणारी बाई. रंगमंचावर फ्लॅश मारायची सोय नसते. जो काय उजेड नट-नट्यांवर पडतो त्यातून आपला घास काढायचा. त्यामुळे भिंगातून किती उजेड येतो हा तिच्या पोटाचा प्रश्न. तिनं पहिलं टेलिफोटो अकरा वर्षांपूर्वी काकांच्या चिठ्ठीवर विश्वासून घेतलं होतं. दुसरं गेल्या महिन्यात, तेही तसंच. पिशवीतून दोन्ही काढून तिनं टेबलावर ठेवली आणि दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्यापुढे मांडल्या, पत्ते उघडावेत तशा.

"काका, हे जुनं. तुम्ही दिलेत चौऱ्याण्णव. हे नवीन. तुम्ही दिलेत एकशे तीन."

"मग? छान आहे की. पंचाच्याही वर गेलंय."

"काळं आहे."

"काय काळं आहे?"

"एकशे तीनवालं. चौऱ्याण्णववाल्यापेक्षा काळं आहे. तेच नाटक, तोच प्रवेश, तेच दिवे. दोन प्रयोगांना दोन भिंगं लावून पाहिली."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझा कॅमेरा तपासून घे."

"दोन कॅमेऱ्यांवर पाहिलं."

"मग दिवेवाल्यानं दिवे कमी केले असतील. नाटकातली माणसं ती, काय सांगावं."

"काका," नाटकवाली शांतपणे म्हणाली, "नाटकातली माणसं मी रोज बघते. शनिवारी नाटकातल्या मुख्य नटीचा, आमच्या बाईंचा, शेवटचा प्रयोग आहे. त्यानंतर त्या रंगमंचावर उभ्या राहणार नाहीत. मला एकच भिंग लावता येणार आहे. गुरुवारी येते, कुठलं लावू ते सांगा. तुम्ही सांगाल ते लावीन."

ती जिना उतरून गेली. हे शेवटचं वाक्य तिनं रागानं म्हटलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं. ती विश्वासानं म्हणाली होती, आणि पंचाईत तिथंच झाली.

काकांनी लगेच खोलीत काळोख केला. पंच काढला, चढवला, काटा शंभरावर आणला. नवीन भिंग लावलं: एकशे तीन. "हां!" असं ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की स्वयंपाकघरातून काकूंनी "काय सांडलं?" विचारलं. मग जुनं भिंग लावलं.

काटा शंभर ओलांडून गेला, एकशे वीस ओलांडून गेला, आणि एकशे तेहतीसवर जाऊन निवांत उभा राहिला.

काकांनी मीटरवर टिचकी मारली. काटा हलला आणि पुन्हा एकशे तेहतीसवर आला. अकरा वर्षांपूर्वी चौऱ्याण्णव देणारं भिंग आज एकशे तेहतीस देत होतं. काचेचं वय वाढतं तसा उजेड कमी होतो, हे त्यांनी हजार लोकांना समजावलं होतं. ही काच उलट्या दिशेनं निघाली होती.

दारात उभ्या राहिलेल्या काकूंना त्यांनी हे सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे अकरा वर्षांत तरुण झालं? मलाही बसवा त्या बैठकीवर."

त्यानंतरच्या दोन दिवसांत भिंगकाकांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला. पहिला आरोपी मीटर. त्याच्या बॅटऱ्या बदलल्या. मग खालच्या स्टुडिओवाल्याकडून दुसरा मीटर आणला, मग तिसरा. तिघांचं एकमत. दुसरा आरोपी वीज. काकांनी फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, शेजारी जाऊन "तुमचा मिक्सर तासभर थांबवाल का?" असं विचारून आले. शेजारीणबाईंनी मिक्सर थांबवला, आणि हे पुन्हा विचारायला येतील म्हणून दाराला आतून कडी लावून घेतली. आकडे जागचे हलले नाहीत. तिसरा आरोपी स्वतःचा पांढरा शर्ट. तो उजेड परतवत असेल म्हणून काळा स्वेटर चढवला, घामानं निथळले, आकडे तेच. शेवटी काकूंकडे पाहून म्हणाले, "तू जरा दारातून बाजूला हो. केस पांढरे झालेत तुझे, उजेड फेकतात."

"कुणामुळे झाले ते आधी मोजा," काकू म्हणाल्या आणि मुद्दाम दारातच उभ्या राहिल्या.

जेवताना उठून जायचे, आंघोळीला जाता जाता परत यायचे. मंगळवारी दुपारी एका पायात चप्पल घालून बॅटरी आणायला निघालेले काका जिन्यात थांबले, आणि दुसरी चप्पल घालायला म्हणून वर येऊन सरळ टेबलाशी जाऊन बसले. ती बॅटरी काकूंनी आणली.

वही काढली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या चिठ्ठ्या ब्याऐंशी, सत्त्याऐंशी, चौऱ्याण्णव अशा. मग हळूहळू नव्वदीच्या पुढे. गेल्या पाच वर्षांत तर शंभराच्या खाली क्वचितच कुणी. हे काकांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. उलट ते लोकांना आनंदानं सांगायचे, "अलीकडे फार चांगला माल बाहेर पडायला लागलाय!" स्टुडिओवाला त्यावर म्हणायचा, "लेका, तुझे पेपर सोपे झालेत." तेव्हा सगळे हसायचे. आता काकांना त्यातला एकही शब्द विनोदी वाटेना.

पण पंचाकडे त्यांचं मन वळत नव्हतं. ज्याच्याशी सगळ्यांना ताडून पाहायचं, त्यालाच कशाशी ताडायचं? अकरा वर्षांत त्यांनी पंचातून एकदाही काही पाहिलं नव्हतं. पंचाला बैठकीवर चढवायचं, त्याला विचारायचं, आणि अदबीनं पिशवीत निजवायचं. त्यातून डोकावून पाहणं म्हणजे मास्तरांच्या खिशात हात घालण्यासारखं.

ते काम बुधवारी सकाळी काकूंनी केलं, आणि तेही सहज.

काकांना एक शंका आली होती, की खोलीतलीच काहीतरी भानगड आहे; तेव्हा बाहेरच्या उजेडात करून बघू. त्यांनी कॅमेऱ्यावर पंच चढवला, तिपाईवर ठेवून बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी लावला आणि मीटर आणायला आत गेले. काकू केर काढत तिथं आल्या. खिडकीशी कॅमेरा, समोर लोकांची गच्ची. माणसाचा जीव आहे, डोळा लावला.

"अहो," काकू म्हणाल्या, "समोरच्या बाईंच्या चादरी बघा किती पिवळ्या झाल्यात! एवढी टापटिपीची बाई, आणि..."

"कुठल्या चादरी?" काकांनी मीटर शोधता शोधता विचारलं.

"त्या काय, गच्चीवर वाळत घातल्यात." काकूंनी डोळा बाजूला केला, खिडकीतून पाहिलं, पुन्हा भिंगातून पाहिलं, पुन्हा खिडकीतून. "अरेच्चा. पांढऱ्याच आहेत की."

काका मीटर तिथंच टाकून आले. त्यांनी डोळा लावला. समोरच्या गच्चीवर चार चादरी डुलत होत्या आणि चारही जुन्या कागदासारख्या पिवळट दिसत होत्या. काकांनी डोळा काढला. चादरी पांढऱ्याशुभ्र. त्यांनी पंच उतरवून नाटकवालीचं जुनं भिंग चढवलं. पांढऱ्याशुभ्र.

काही जुन्या भिंगांच्या काचेत एक असा पदार्थ घालत, की ती काच आपली आपणच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. अंधारात ठेवली तर जास्तच. उन्हात ठेवली तर पुन्हा निवळते. हे कुणाला ठाऊक नव्हतं? भिंगकाकांना ठाऊक होतं. निदान तीस जणांना त्यांनी दटावून सांगितलं असेल, "अशी भिंगं कपाटात कोंडू नका हो, त्यांना उजेड दाखवत चला." आणि आपला पंच मात्र मखमलीत, डब्यात, कपाटात, कुलपात. मास्तरांचा पंच त्या जातीचा असेल हा विचारच त्यांच्या मनाला शिवला नव्हता. जितकं जपलं तितकं पिवळं केलं.

काका तिसऱ्या खोलीत गेले. टेबलावर दिव्याची बैठक सरकून सरकून लाकडात एक लांब ओरखडा पडला होता. ओरखड्याचं पलीकडचं टोक भिंगापासून दोन हात दूर. आज दिवा उभा होता तो त्या टोकाच्या अर्धा फूट अलीकडे. म्हणजे पंच जसजसा मंद होत गेला, तसतसे आपण काटा शंभरावर आणायला दिवा पुढे पुढे ओढत आलो. आणि इतकी वर्षं शिव्या कुणाला दिल्या? बल्बवाल्याला! "हल्लीच्या बल्बांत जीवच नाही" म्हणून त्या गरिबाच्या दुकानात जाऊन दर सहा महिन्यांनी भांडण. मागच्या वेळी तो हात जोडून म्हणाला होता, "काका, माझ्याकडे सूर्य नाही मिळत."

दुपारी स्टुडिओवाला आपला मीटर परत न्यायला वर आला. तीस वर्षांचा दोस्त, त्याच्यापासून काय लपवायचं? काकांनी सगळं सांगितलं. सांगताना खोलीला अकरा फेऱ्या मारल्या.

"एवढंच ना?" स्टुडिओवाला म्हणाला. "ठेव पंचाला खिडकीत. महिनाभर ऊन खाऊ दे. निवळेल, पुन्हा बस शंभरावर. तू म्हणाला नाहीस तर कुणाला कळणार आहे?"

"आणि ज्यांना चिठ्ठ्या दिल्या ते?"

"त्यातली निम्मी माणसं चिठ्ठी वाचतसुद्धा नाहीत. लोकांना सही पाहिजे असते, लेका. आकडा कोण बघतो?"

"एकीनं बघितला."

"मग त्या एकीला सांग, जुनं लाव म्हणून. विषय संपला. उगाच कशाला स्वतःचं नाव स्वतः घालवतोस? दहा वर्षांनी 'काकांचे आकडे खोटे होते' एवढंच लोकांच्या ध्यानात राहील. का ते कोण विचारणार?"

हे काकांनाही पटलं. पटलं म्हणूनच तगमग जास्त वाढली. पंच खिडकीत उन्हात ठेवला. पाच मिनिटांनी निवळला का म्हणून पाहून आले. पुन्हा दहा मिनिटांनी. ज्याला महिना लागतो ते तासाभरात होतंय का ते बघत येरझारा चालू होत्या. खिडकीशी जायचे, टेबलाशी यायचे, वही उघडायचे, मिटायचे. काकू भाजी निवडत हे सगळं बघत होत्या. नवव्या खेपेला त्या म्हणाल्या, "पंच बरा होईल हो. पण चिठ्ठ्यांना कुठलं ऊन दाखवणार?"

काका थांबले.

"तू पण?"

"मी काय म्हणाले? मी भाजी निवडतेय."

काका खाली बसले, उठले, आणि पुठ्ठा शोधायला लागले.

कारण पंच महिनाभरानं निवळला, तरी पुन्हा पिवळा पडणार नाही कशावरून? दुसरं भिंग पंच नेमलं, तरी तेही काचच. मग त्यांना सुचलं, की वाटेत काचच नसलेली बरी. नाटकवालीची दोन्ही भिंगं चारच्या आकड्याची, पंचही चारचाच. चार म्हणजे भिंगाचं तोंड जेवढं रुंद उघडतं, त्याच्या चौपट अंतरावर चित्र. तर मग काळ्या पुठ्ठ्याला इंचभर रुंदीचं गोल भोक पाडायचं आणि तो मीटरपासून बरोबर चार इंचांवर उभा करायचा. त्या भोकातून जेवढा उजेड मीटरवर पडेल, तेवढा त्या आकड्याच्या भिंगानं काहीही न गिळता द्यायला हवा. तो शंभर. प्रत्येक आकड्याचं भोक वेगळं कापायचं, एवढंच.

भोक पाडायला त्यांना संध्याकाळ झाली. सात पुठ्ठे फुकट गेले. एकाचं भोक लंबगोल, एकाला दाते, एक काकूंनी डब्याचं झाकण समजून उचलून नेला. आठवं भोक नीट झालं. काटा शंभरावर आणला. मग भिंगं एकामागून एक.

नाटकवालीचं जुनं: ऐंशी.

नवीन: बासष्ट.

पंच: साठ.

काका बराच वेळ त्या साठाकडे पाहत राहिले. मास्तर म्हणाले होते त्यात खोटं काही नव्हतं; त्या वेळी पंच स्वच्छच असणार. अकरा वर्षांपूर्वीच्या चौऱ्याण्णववरून मागे हिशोब केला तर पंच तेव्हा पंच्याऐंशीचा निघत होता. चांगलं भिंग. फक्त त्याला कुणी विचारलंच नव्हतं, की बाबा रे, तू कसा आहेस?

आणि मधल्या काळातल्या चिठ्ठ्या किती चुकल्या, हे कुठल्याही गणितानं काढता येण्यासारखं नव्हतं. पंच कुठल्या वर्षी किती पिवळा होता, कुणाला माहीत? ज्याचं त्याचं भिंग परत आणवून मोजणं, एवढाच रस्ता उरला होता.

गुरुवारी सकाळी नाटकवाली आली, तेव्हा काका दारातच उभे होते.

"जुनं लाव," काका म्हणाले. "आणि माझी चिठ्ठी फाड. दोन्ही फाड."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. ओरखडा दाखवला, पंच दाखवला, चादरी दाखवायला खिडकीशी नेलं. पण समोरच्या बाईंनी चादरी काढून नेल्या होत्या, तेव्हा काकूंनी घाईघाईनं आपलीच एक चादर समोर धरली. नाटकवालीनं भिंगातून पाहिलं.

"म्हणजे महिनाभर मी याच्यावर भरवसा ठेवून प्रयोग केले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मवाळही नव्हता. "दोन नाटकांचे फोटो गेले माझे, काका. दिग्दर्शकानं विचारलं, तुझा हात गेला का म्हणून. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

"हो," काका म्हणाले. मग म्हणाले, "हात गेला नाहीये तुझा. माझा आकडा गेला."

तिनं जुन्या चिठ्ठ्या फाडल्या. दोन्ही, चार-चार तुकडे. आणि हात पुढे केला. "नवीन द्या."

"काय?"

"चिठ्ठी. ऐंशीची. सही करून. शनिवारी पाकिटात ठेवायचीय मला."

"अगं, आत्ताच सांगितलं ना तुला..."

"सांगितलंत म्हणूनच मागतेय. लिहा लवकर, तालमीला जायचंय."

काकांनी लिहायला घेतलं. आकडा लिहिला, 'भोकाशी ताडून' असं लिहिलं आणि सहीपाशी हात अडखळला. इतक्या वर्षांत सही न पाहता करायचे. आज दोनदा आकडा वाचला, उठून मीटर पाहून आले, मग सही केली.

ती गेल्यावर काकांनी वही उघडली आणि फोन घेऊन चालायला सुरुवात केली. स्टुडिओवाल्याला खालून डोक्यावर पावलं ऐकू येत होती. त्यानं एकदा वर येऊन "वेडा झालास का?" असं विचारलं, काकांनी हातानंच त्याला गप्प केलं, कारण पलीकडे कुणीतरी ओरडत होतं. कुणी ओरडलं, कुणी हसलं. एकजण म्हणाला, "काका, ते भिंग मी तेव्हाच विकलं, तुमच्या चिठ्ठीवर!" मग घेणाऱ्याचा नंबर मागून घ्यावा लागला. एक बाई म्हणाल्या, "मला चिठ्ठी मिळाली होती?" एकानं सांगितलं, की माझं भिंग तुमच्या चिठ्ठीमुळे मला आवडायला लागलं होतं, आता पुन्हा मोजू नका, तुमच्या पाया पडतो. दोघांनी फोनच ठेवून दिला. एकानं "मला आधीच शंका होती" असं म्हटलं. तो सगळ्यात जास्त टोचला.

दोन दिवस हेच चाललं. काकू कप गोळा करायच्याऐवजी आता मागोमाग चालत कप हातात द्यायला लागल्या.

शनिवारी दुपारी वहीत निवृत्त न्यायाधीशांचं नाव आलं. हे साहेब नोकरी संपल्यावर पक्ष्यांचे फोटो काढायच्या नादाला लागले होते. त्यांच्या भिंगाला काकांनी सहा वर्षांपूर्वी एकशे आठ दिले होते. एवढे आजवर थोड्याच जणांना मिळाले होते. हा नंबर फिरवायला काकांनी सकाळपासून टाळाटाळ केली होती.

"साहेब, भिंगवाला बोलतोय. तुमच्या भिंगाला मी एकशे आठ दिले होते."

"दिले होते. चिठ्ठी डबीत आहे."

"तो निकाल चुकला, साहेब."

पलीकडून कोरडा आवाज. "पुरावा?"

काकांनी चालत चालत पुरावा सांगितला. पंच, चादरी, ओरखडा, भोक. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सवयीनं ऐकून घेतलं.

"म्हणजे साक्षीदार फितूर निघाला," साहेब म्हणाले.

"फितूर नाही हो. त्याला दिसेनासं झालं होतं. मीच विचारलं नाही."

"हं. माझ्याआधी किती जणांना सांगितलंत?"

"बेचाळीस झाले. तुम्ही त्रेचाळिसावे."

"तक्रार किती जणांची होती?"

"एकीची."

आता पलीकडे शांतता. काका खिडकीपाशी जाऊन परत आले तरी ती संपेना. त्यांना वाटलं फोन कटला.

"साहेब?"

"आहे, आहे," साहेब म्हणाले. आवाज बदलला होता. "चौतीस वर्षं निकाल दिले मी. त्यातले तीन... जाऊ द्या. आम्हाला अशी सोय नव्हती हो."

काका चालता चालता थांबले.

"सोमवारी अकराला येतो," साहेब पुन्हा कोरड्या आवाजात म्हणाले. "आणि काटा मी स्वतः वाचणार."

"वाचा साहेब," काका म्हणाले. त्यांनी वहीत त्रेचाळीसपुढे खूण केली, काकूंनी पुढे केलेला कप घेतला आणि चव्वेचाळिसावा नंबर फिरवला.